नारायणरावाची पाखरं

शेषरावानं नुसता हात वर केला तरी अर्ध्या शिवारातली पाखरं उठतात, असा देऊळघाटच्या बाजूला त्याचा लौकिक होता. आणि तो काही उगाच नव्हता. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यानं ज्वारीची राखण केलेली. मचाणावर उभं राहून त्यानं गोफण फिरवली की तिचा आवाज नाल्यापलीकडं जायचा. राघूंचे थवे त्याच्या वावराला वळसा घालून शेजाऱ्याच्या वावरात उतरायचे आणि शेजारी त्याच्या नावानं बोटं मोडायचे. शेषरावाला त्याचं बरंच वाटायचं, खोटं कशाला सांगा.

घर वावरातच. पुढं अंगण, अंगणात जुना कडुनिंब, निंबाखाली बाज. सुगी सरून वावर मोकळं झालं की हा माणूस सकाळचा चहा घेऊन त्या बाजेवर बसायचा आणि ज्यांना सगळा हंगाम हाकललं त्यांनाच बघत राहायचा. साळुंक्या, बुलबुल, होले, धुळीत अंघोळ करणाऱ्या चिमण्या, सातभायांची कायम भांडणारी टोळी. कोण कुठं घरटं करतंय, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं त्याला ठाऊक. बायको म्हणायची, सख्ख्या भाच्यांची नावं विसरता अन् साळुंकीची सोयरीक सांगता. बायकोचं नाव कोकिळा. नाव ठेवणाऱ्यानं आवाज ऐकून ठेवलं नव्हतं एवढंच सांगतो. तिनं वासरू हाकललं तर रस्त्यावरची एसटी थांबायची.

तर हे बघणं असायचं लांबून. शेषराव बाजेवर, पाखरं अंगणाच्या त्या टोकाला. यानं पाय हलवला की ती फुर्र. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी हे असंच चालत आलेलं.

यंदाच्या चैत्रात त्यात काहीतरी बिघडलं.

आधी साळुंकी आली. निंबाचा फुलोरा अंगणभर सांडला होता, त्यातून ती तुरुतुरु चालत आली आणि शेषरावाच्या पावलावर चढून पलीकडं उतरली. तिच्या नख्या त्याला टोचल्या. त्याला एवढं कौतुक वाटलं की त्यानं श्वास धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी बुलबुलानं त्याच्या बशीतला चहा प्यायला. त्यानं हळूच कोकिळेला हाक मारली, गंमत पाहायला ये म्हणून. ती दारात आली मात्र, सगळं अंगण एका दमात रिकामं झालं. ती आत गेली तशी पाखरं परत उतरली. बाजेच्या काठावर, त्याच्या उशाशी, त्याच्या गुडघ्याजवळ.

इथं त्याच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. पाखरं माणसाळली असती तर ती कोकिळेलाही भ्याली नसती. ती कुत्र्याला भीत होती, वाटेनं जाणाऱ्याला भीत होती, वाऱ्यानं दोरीवरचं लुगडं फडफडलं तरी उडत होती. फक्त त्याला भीत नव्हती.

मग एके दिवशी तो उठला आणि अंगणात मधोमध जाऊन उभा राहिला. पायाशी चिमण्या धुळीत लोळत होत्या. त्यानं टाळी वाजवली. ओरडला. घरातनं गोफण आणून डोक्यावर गरगर फिरवली. एका चिमणीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि शेषरावानं गोफण खाली घेतली. त्याच्याकडं पाहणारं पाखरू त्यानं जन्मभर पाहिलं होतं. डोळा गोल करून, अंग चोरून, उडायच्या तयारीत ते पाहतं. ही चिमणी तशी पाहत नव्हती. एखादा ओळखीचा खुंट तिथंच आहे ना, एवढं बघावं तसं तिनं बघितलं आणि पुन्हा धुळीत पंख घासायला लागली.

त्याला मग सुगीतलं आठवलं. यंदा राघू लवकर उठतच नव्हते. खडा अंगावर गेला तर तेवढ्यापुरते सरकायचे. त्यानं दोष दिला गोफणीच्या दोरीला, मग खांद्याला, मग वयाला. कोकिळेनं कणसं पाहून त्याला चार शब्द सुनावले होते, तेही त्यानं निमूट ऐकून घेतले. आता वाटलं, तेव्हापासूनच हे चालू होतं. किंवा त्याच्याही आधीपासून. पावसाळ्यात कोण पाखरांकडं बघत बसतं.

त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पाखरं मला भीत नाहीत, हे ऐकून माणसं हसली असती. कोणी म्हणालं असतं, चांगलं आहे की, साधू झालास. पण शेषरावाला साधू झाल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. तो अंगणात बसायचा तेव्हा त्याला आपण तिथं कमी-कमी आहोत असं वाटायचं. भर उन्हात तो स्वतःची सावली बघून घ्यायचा. सावली होती. भूक लागत होती, चहा गोड लागत होता, कोकिळा ओरडत होती ते ऐकू येत होतं. मग नेमकं काय गेलंय ते त्याला समजेना.

एका दुपारी शिक्रा आला. शिक्रा म्हणजे पाखरांचा काळ. माणसाच्या वाऱ्याला उभा राहत नाही. तो सरडा घेऊन आला आणि बाजेच्या पायथ्याला, शेषरावाच्या पायापासून वितीवर बसून फाडायला लागला. लाल डोळा शेषरावाच्या तोंडावरून फिरून गेला आणि सरड्यावर परतला. शेषरावानं पाय आखडून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो घाबरला होता. माणूस पाखराला घाबरला होता, यासारखी दुसरी नामुष्की नाही, असं त्याला वाटलं आणि रडूही आलं.

त्यानंतर काड्या सुरू झाल्या. चैत्रातली दुपार, तांबट पक्षी कुठंतरी ठकठक-ठकठक करत होता, शेषरावाचा बाजेवर डोळा लागला. जागा झाला तर छातीवर काहीतरी. बघतो तर वाळक्या काड्या. बारीक, हाताच्या बोटाएवढ्या, एकीवर एक आडव्या-उभ्या ठेवलेल्या. होल्याच्या मादीनं, होलीनं आणल्या होत्या. ती शेजारीच बसून त्याच्याकडं बघत होती, चोचीत अजून एक काडी. शेषराव हलला नाही. ती चालत आली, त्याच्या छातीवर चढली, काडी ठेवली, चोचीनं नीट सरकवली आणि दुसरी आणायला उडून गेली. शेषरावाला मसणवट्यातली लाकडं आठवली. माणसं शेवटी एकेक काडी घेऊन पुढं येतात आणि रचलेल्यावर टाकतात, ते आठवलं. तो ताडकन उठला. काड्या सगळ्या भुईवर पडल्या. त्या दिवसापासून तो निंबाखाली निजला नाही.

अशात पुष्पांजली आली. पुष्पांजली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, मोताळ्याला दिलेली. संगं तिची छकुली, नुकती चालायला शिकलेली, भिंत धरून धरून सगळं घर फिरणारी. नातीसाठी शेषराव पौष महिना सरल्यापासून दिवस मोजत होता. धाड गावच्या बाजारातनं तिला खुळखुळा आणून ठेवला होता. आणि छकुली आली, दारातनं त्याला पाहून दोन्ही हात पसरले, तर हा माणूस मागं सरला. खुळखुळा दुरून पुढं केला आणि गोठ्यात निघून गेला.

एक दिवस झाला, चार दिवस झाले. पोर त्याच्याकडं जायची, हा उठायचा. पुष्पांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मुलगी झाली म्हणून बाबांचं मन खट्टू आहे. कोकिळेचा पारा मग असा चढला की काय सांगावं. तिनं त्याला गोठ्यात गाठलं आणि विचारलं, तुम्हाला झालंय तरी काय. लेकीच्या तोंडावर दार लावता का. आम्ही काय परके झालो का.

शेषराव गव्हाणीला टेकून खाली बसला. त्यानं सगळं सांगितलं. साळुंकी, चिमणी, शिक्रा, काड्या. शेवटी म्हणाला, "मले भेव वाटते, कोकिळे. मी जित्ता नसलो त? अन् तशा अंगानं मी त्या लेकराले उचललं त?"

कोकिळा हसली नाही. ती हसेल म्हणून तो मान खाली घालून बसला होता. पण ती बराच वेळ गप्प राहिली आणि कोकिळा गप्प राहिली म्हणजे गोष्ट साधी नव्हे, हे त्याला चाळीस वर्षांत कळलं होतं. मग तिनं एकच विचारलं.

"मागच्या आखाजीले तुम्हाले पाटावरून उठवलं होतं का जनकाबाईनं?"

आता हे जरा नीट सांगायला पाहिजे. नाल्याच्या पलीकडं, एका हाकेवर, नारायणरावाचं घर. नारायणराव शेषरावाचा जिवाचा मित्र आणि जन्माचा विरोधक. हा पाखरं हाकलायचा, तो बोलवायचा. वावराच्या धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर, त्यानं खापरात पाणी ठेवलेलं, वावरातला एक कोपरा पाखरांसाठी न कापता सोडलेला. तो अंगणात बसला की चिमण्या त्याच्या मांडीवर, होली त्याच्या खांद्यावर. दोघांची यावरून रोज जुंपायची. तू पोसतो म्हणून माझ्या उरावर येतात, असं शेषराव म्हणायचा. तू हाकलतो म्हणून माझ्याकडं येतात, असं नारायणराव म्हणायचा. गेल्या वर्षी माघात नारायणराव बसल्या जागी गेला. पोटी मूलबाळ नाही. मागं राहिली ती एकटी जनकाबाई.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या बाजूला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि घराबाहेरच्या एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवतात. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पोळी आणि आंब्याचा रस वाढायचा. तो पाटावर असेपर्यंत त्याला त्याच्या नावानं कोणी हाक मारत नाही. तो गेलेला माणूसच जेवतोय असं धरायचं. जेवण झालं, पान खाल्लं, की घरच्या माणसानं दोन गोष्टी म्हणायच्या. आधी गेलेल्याचं नाव घेऊन, पोट भरलं, आता जा. मग बसलेल्याचं नाव घेऊन, उठा. मग त्यानं उठायचं. बाकी गावांत असंच करतात की नाही कोणास ठाऊक. त्या वळणाच्या घरांत हे दोन शब्द चुकवलेले कोणी पाहिले नव्हते.

शेषराव आठवायला लागला. तो पितर बसला होता. हे खरं. पोळी रसात कुस्करून खाल्ली होती. वावटळ सुटली, अंगणातल्या पत्रावळी उडाल्या, घागरीवर ठेवलेलं खरबूज गडगडत गेलं. जनकाबाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग तो आपणच उठला, चपला पायात घातल्या आणि घरी आला. त्याला तेव्हा काही वाटलं नाही. एवढंच आठवत होतं की नाला ओलांडताना एक होली त्याच्या पुढं-पुढं, भुईवरून चालत होती.

कोकिळेनं कपाळाला हात लावला. जनकाबाई वर्षभर का येत होती ते आता तिला कळलं. कधी लोणचं घेऊन यायची, कधी इळा मागायला, आणि यायची ती घरात न येता धुऱ्यावर उभी राहून बाजेवरच्या शेषरावाकडं बघत राहायची. कोकिळेनं त्यावरून नवऱ्याची थट्टाही केली होती. आता तिला त्या थट्टेची लाज वाटली, आणि भीतीही.

"पाखरं तुम्हाले भीत नाहीत असं नाही," ती म्हणाली. "त्याहिले तुम्ही दिसतच नाही. नारायणभाऊच दिसून राह्यले त्याहिले."

गोठ्याच्या आढ्यावर एक होली बसली होती. दोघांनीही वर पाहिलं. कोकिळेनं पाहताच ती उडाली.

आखाजी जवळच आली होती. त्याच तिथीला, त्याच पाटावरून, त्याच घरच्या माणसानं उठवलं तर सुटका, असं कोकिळेनं ठरवलं. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. पण दुसरा मार्ग तरी काय होता. तोवर शेषराव घरातल्या घरात राहिला. छकुली दाराच्या फटीतून त्याला खुळखुळा दाखवायची आणि तो आतून तोंड वाकडं करून तिला हसवायचा. एवढंच काय ते आजोबा-नातीचं.

आखाजीच्या दिवशी ऊन असं होतं की नाल्यातले दगड डोळ्यांत खुपत होते. कोकिळेनं संगं यायचं म्हटलं, शेषराव नको म्हणाला. तो निघाला तशी पाखरंही निघाली. उडत नव्हती. बोरीवरनं धुऱ्यावर, धुऱ्यावरनं दगडावर, अशी त्याच्या दोन्ही बाजूंनी उतरत-उतरत चालली होती. साळुंक्या, बुलबुल, चिमण्या, होले. एकही आवाज करत नव्हतं. सातभाई, जे झोपेतही भांडतात, तेही गप्प. शेषरावानं मागं वळून पाहिलं नाही, पण पंखांची सळसळ त्याला सगळ्या वाटेनं ऐकू येत होती.

जनकाबाईच्या अंगणात पाय टाकला आणि त्याला चमत्कारिक वाटलं. अंगणात एक पाखरू नव्हतं. नारायणरावाची सगळी खापरं पाण्यानं भरलेली होती, काठापर्यंत, आणि पाण्यावर धूळ बसली होती. ज्वारीचे दाणे टाकलेले होते, ते तसेच पडून होते, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. वर्षभर ही बाई रोज दाणा-पाणी ठेवत होती आणि इथं कोणी येत नव्हतं. सगळी तिकडं, त्याच्या निंबाखाली.

पाट मांडलेला होता. घागर भरलेली होती. ताट वाढलेलं होतं. तिनं कोणाला बोलावणं धाडलं नव्हतं, तरी सगळी तयारी होती.

"या," जनकाबाई म्हणाली. पदर डोक्यावर, नजर खाली. नवऱ्याशी बोलताना ती जशी बोलायची तशी ती बोलली.

तो बसला. तिनं पाय धुतले, गंध लावलं. त्यानं एक घासही खाल्ला नाही. तो म्हणाला, वयनी, तुमच्याकडून मागच्या साली राहून गेलं, मला उठवायचं. वावटळ आली, तुमचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं, मी काही दोष देत नाही. आता तेवढं म्हणा आणि मला मोकळं करा.

जनकाबाई बराच वेळ ताटाभोवतीच्या रांगोळीचा रंग बोटानं सारखा करत राहिली.

"राहून नाही गेलं, भाऊजी. म्या मुद्दाम नाही म्हणलं."

 मग तिनं सांगितलं. त्या दिवशी तो पाटावर बसला आणि त्यानं पोळी रसात कुस्करली. नारायणराव अशीच कुस्करायचा. मग वाटी उजवीकडून डावीकडं सरकवली, तेही त्याचंच. तिला वाटलं, खरंच आलेत. आता जा म्हणायचं तर कोणत्या तोंडानं. माघात गेलेला माणूस, वैशाखात परत आला आणि तिनंच त्याला जा म्हणायचं? ती आत जाऊन दाराआड उभी राहिली. एक वर्ष, फक्त एक वर्ष राहू दे, असं तिनं मनात म्हटलं. पुढच्या आखाजीला पाठवीन. शेषरावभाऊंना काय, कळायचंही नाही. मग रोज धुऱ्यावर येऊन बघायची. पाखरं त्याला बिचकत नाहीत असं दिसलं, मग चैत्रात ती त्याच्या अंगाखांद्यावर बसायला लागली, तशी तिची खात्री पटत गेली.

"मले एकटीले करमत नाही," ती म्हणाली. "अजून एक साल राहू द्या त्याहिले."

शेषरावाला तिचा राग आला. कोणाला येणार नाही? एखाद्याचं अंग न विचारता उसनं घ्यायचं आणि वर अजून मुदत मागायची. पण तिच्या अंगणातली ती धूळ बसलेली खापरं त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि रागाबरोबर त्याला तिची कणवही आली. भिंतीवर पाखरं येऊन बसली होती. सगळी भिंत भरली होती. कोणी पंख हलवत नव्हतं.

तो एवढंच म्हणाला, "वयनी, माही छकुली आली आहे. मी तिले अजून हात नाही लावला."

जनकाबाईनं मान वर केली. तिला मूल नव्हतं, हे बोलून गेल्यावर शेषरावाच्या ध्यानात आलं. ती पुष्पांजलीच्या पोरीबद्दल विचारत होती, चालते का आता, दात आले का. त्यानं सांगितलं, भिंत धरून चालते. ती हसली. आणि पदरानं तोंड पुसून, त्याच्या डोळ्यांत बघून, स्पष्ट म्हणाली, "शेषरावभाऊ, उठा."

तो उठला. पाय मुंग्या आल्यासारखे जड होते, पण उठला. आणि भिंतीवरची सगळी पाखरं एकदम फुटली. असा आवाज झाला की घागरीतलं पाणी हललं. सातभाई कलकलाट करत पळाले, साळुंक्यांनी धोक्याची हाक दिली, बुलबुल कुंपणात घुसले. सगळी त्याला भिऊन पळत होती. शेषरावाला हसू आलं, रडू आलं, त्यानं उगाचच हात वर करून एक आरोळी ठोकली आणि चपला हातातच घेऊन तो फाटकाकडं पळाला. म्हातारपणी माणूस असा पळू नये, पण पळाला.

फाटकाची कडी लावताना त्याच्या ध्यानात आलं.

तिनं दोन गोष्टी म्हणायच्या होत्या. एकच म्हणाली. नारायणरावाला जा म्हणणं राहिलं.

तो वळला. जनकाबाई त्या पाटावर स्वतः बसली होती. तिनं ताट पुढं ओढलं होतं आणि पोळी रसात कुस्करत होती. आत्ताच उडालेली पाखरं परत येत होती. एकेक करून भिंतीवरनं अंगणात, अंगणातनं तिच्याजवळ. बुलबुल ताटाच्या काठावर बसला. एक चिमणी तिच्या पदरात उतरली. आणि त्याची ती होली, चोचीत वाळकी काडी घेऊन, तिच्या मांडीशी चालत गेली. जनकाबाई हलली नाही. तिनं वाटी उजवीकडून डावीकडं सरकवली आणि बारीक आवाजात काहीतरी बोलली, उत्तर येणार असल्यासारखं थांबली, पुन्हा बोलली.

शेषराव कडीला हात लावून उभा होता. परत जाऊन सांगायला पाहिजे होतं. वयनी, ते राहिलं, ते म्हणा, त्याशिवाय सुटका नाही. त्याला माहीत होतं. हे काय असतं ते त्याच्याइतकं त्या शिवारात दुसऱ्या कोणाला माहीत होतं? पण ती म्हणालीच नाही तर? तो पुन्हा पाटाजवळ गेला आणि पाखरं उडालीच नाहीत तर? तिकडं घरी छकुली भिंत धरून चालत होती. त्यानं कडी हळूच लावली, वाजू न देता, आणि नाल्याच्या दिशेनं भरभर चालायला लागला.

निंबाखाली शेवटच्या दोन साळुंक्या होत्या, त्या त्याला पाहून उडाल्या. कोकिळा दारातच उभी होती. तिनं ते पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन छकुलीला आणून त्याच्या हातात दिली. पोरीनं त्याची मिशी ओढली. ती ऊबदार होती, जड होती, तिच्या अंगाला दुधाचा वास होता. शेषरावानं तिला एवढी घट्ट धरली की ती कुरकुरली. पुष्पांजली हसत-रडत बघत राहिली, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी चौघं अंगणात बसले. कोकिळेनं त्याला चहा दिला, स्वतः शेजारी बसली आणि लेक आत गेल्यावर हलक्या आवाजात विचारलं, "दोन्ही म्हणलं ना तिनं?"

शेषरावानं बशीत चहा ओतला. "हाव," तो म्हणाला.

निंबावर एक पाखरू नव्हतं. फुलोरा गळत होता तेवढाच. आभाळातनं मात्र थवे चालले होते, छोटे-छोटे, गप्प, नाल्यापलीकडं. छकुलीनं बोट वर करून ते आजोबाला दाखवले. शेषरावानं तिचं तोंड हळूच आपल्या छातीकडं वळवलं आणि तिला खुळखुळा वाजवून दाखवायला लागला.